तार सोड म्हणाला

बुधवार, ता. १२ डिसेंबर २००१
सकाळचे पावणेसात

दादा,

आई गोठ्यात आहे. सेजल अजून उठलेली नाही. घरातला डिंक संपला म्हणून पाकीट चिकटवायला वाटीभर पेज गार करत ठेवली आहे आणि ती गार होईपर्यंत ओटीवर बसून हे लिहितो आहे.

वर ‘श्री’ लिहिलेले नाही. विसरलो असे समजू नका. आई म्हणाली, वहिनींचे वर्ष सरेपर्यंत पत्रावर श्री घालायचा नाही. आंतरदेशीय न घेता पाकीट घेतले, कारण तुमच्या मुंबईच्या गावकीच्या खोलीत आंतरदेशीय पत्र आधी सगळे वाचतात आणि मग ज्याचे त्याला मिळते. हे फक्त तुम्ही वाचावे.

तेराव्याला तुम्ही मला वाढताना पाहून पानावरून उठलात. कापड्यापासून वरंधापर्यंतचे पाहुणे बसलेले होते. नंतर माझ्याशी एक शब्द न बोलता पोलादपूरला चालत गेलात. तुमचे दुःख मला कळते. परंतु तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेत, त्या नजरेने मला पाहण्याचा अधिकार तुम्हाला आहे की नाही, हे आधी ठरले पाहिजे. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

कापणी लागली म्हणून आठवडाभर मी डुकरांच्या तारेचा आकडा विजेच्या लाइनीवरून काढून ठेवलेला होता. तार खुंट्यांवर तशीच होती, पण तिच्यात करंट नव्हता. हे घरात सर्वांना माहीत होते. वहिनींनाही. कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. त्या संध्याकाळी सईदभाई गिरणी बंद करून बांधापर्यंत हाका मारत आले. अंगभर कोंडा होता.

“ओ शुद्धलेखन! भावाचा फोन हुता तुझ्या.”

“काय म्हणाला?”

“तार सोड म्हनाला.”

“सोड?”

“सोड. मी तीनदा इचारला, सोड ना रे, सोड ना? तर बोलला, हां हां, सोड बोलो उसको. डब्यातला रुपया संपला असंल, लाइन कट झाली.”

“अहो, पण कापणीची माणसं येतायत.”

“तुझा भाव, तुझी तार. मी आपला पोष्टमन.”

मला वाटले, कोपऱ्यातले भात डुकरांनी लोळवले हे मी तुम्हाला कळवले होते, त्याचा तुम्हाला राग आला असेल. मोठा भाऊ सांगतो म्हणून मी आकडा टाकला.

आता ऐका. आपल्या वाडीत तार सोडणे म्हणजे काय, हे कोणत्याही पोराला विचारा. पाणी सोडतात, गुरे सोडतात, तसा तारेत करंट सोडतात. दिवेलागणीला हाळी देतात, “तार सोडली हाय, बांधाव जाव नको रे!” ही हाळी तुम्ही स्वतः दिलेली आहे. बंद करायची असेल तेव्हा आपण ‘आकडा काढ’ म्हणतो. आजवर कोणीही, एकदाही, बंद करण्यासाठी ‘सोड’ म्हटलेले नाही. मुंबईत राहून तुम्ही लोकांचे ‘छोड दे’ उचललेत आणि तेच मराठीत आणून ‘सोड’ म्हणालात. कुठल्याशा गावी तारेने माणूस मेल्याचे खोलीवर कळले म्हणून तुम्ही घाबरून फोन केलात, हे मला तेराव्याला बाहेरच्यांकडून समजले. संध्याकाळच्या वेळी शेतात उभ्या माणसाला तुमच्या मनातली मुंबई कशी दिसावी?

पहाटे वहिनी म्हशीच्या गवताला गेल्या. पुढचे तुम्हाला माहीत आहे. सईदभाईंनी सुक्या चिव्याच्या बांबूने आकडा पाडला आणि त्यांना स्वतः उचलून टेम्पोत घातले. महाडच्या डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच मान हलवली.

ठाण्यात हवालदार देशावरचे आहेत. त्यांनी मला बाकावर बसवून विचारले.

“सोड म्हणजे काय? चालू कर का बंद कर?”

“चालू कर.”

“मग चालू कर म्हणायचं.”

“आमच्याकडे सोड म्हणतात.”

“माझ्या सासुरवाडीला सोड म्हणजे जाऊ दे. बायको दिवसातून दहा वेळा म्हणते. तुमच्या वाडीनं आता कोश छापा एक.”

मग त्यांनी लिहिलेले वाचून दाखवले. ‘निष्काळजीपणे विद्युत प्रवाह सोडून मानवी जिवीत धोक्यात आणले.’ मी म्हणालो, साहेब, जीवित. पहिली दीर्घ, दुसरी ऱ्हस्व. त्यांनी पेन खाली ठेवले.

“मास्तर, शिक्षण किती?”

“नववी.”

“पास?”

मी पेन उचलले.

“इथं सही.”

दादा, त्या तारेवर आजवर किती डुकरे मेली, दोन साळिंदरे, शेजारच्या तुळजाबाईंचा कुत्रा आणि ते गाभण भेकर. भेकराच्या पोटातले पिल्लू बाहेर काढले तेव्हा तुम्ही रजेवर इथेच होता. कोणीही म्हटले नाही की या उतेकर भावांनी जीव धोक्यात आणले. वाटे घातले आणि घरोघर पोचवले. हे क्रियापद माझ्या एकट्यासाठीच बाहेर काढलेले आहे.

माझी मागणी एवढीच आहे. तुम्ही पोलादपूरला येऊन सांगावे की होय, मी फोन केला, मी ‘सोड’ म्हणालो, माझ्या मनात अर्थ वेगळा होता. मग माझ्या एकट्यावर येणार नाही. पेज गार झाली आहे. थांबतो.

तुमचा,
सुनील


बुधवार, ता. ९ जानेवारी २००२
दुपारी, जेवणानंतर

दादा,

मागचे पाकीट परत आले. वर पोस्टमनने निळ्या पेन्सिलीने ‘घेन्यास नकार’ असे लिहिले आहे. न नाही, ण पाहिजे. ते पाकीट न फोडता या पत्रासोबत घातले आहे.

या वेळचा पत्ता सईदभाईंकडून लिहून घेतला. माझे अक्षर पाहून तुम्ही पुन्हा परत कराल म्हणून. त्यांनी काही विचारले नाही. गल्ल्यावर वही बाजूला सारून सावकाश लिहिले आणि म्हणाले, “लिव, लिव. भाव हाय तो. किती दिस रुसंल?” त्यांच्या घरच्या कमरजहाँभाभींनी सेजलसाठी खोबऱ्याची वडी दिली.

सेजल बरी आहे. पहिलीत तिला ‘आ’ शिकवला. आ आईचा. बाईंनी दुसरा शब्द घेतला असता तर चालले असते, पण पुस्तकात तोच आहे. परवा तिने मला विचारले, “काका, पप्पांनी फोन केला म्हणून आई मेली का?” हे तिच्या कानावर कोणी घातले मला माहीत नाही. वाडीत बोलतात. मी तिला काही सांगितलेले नाही. किती दिवस न सांगता ठेवता येईल, हे मात्र मी सांगू शकत नाही. ती हुशार आहे आणि रोज विचारते.

आई तुळजाबाईंच्या नादाने माझ्यावर उलटली आहे. तुळजाबाई म्हणतात, त्या संध्याकाळी हाळी ऐकू आली नाही. मी हाळी दिली होती. वारा खालच्या अंगाला होता. आई म्हणते, “वाडीला हाळी दिलीस. घरातल्या बाईला सांगाय काय झालेला? ती चुलीम्होरं बसलेली.” मी सांगायला गेलो होतो, पण वहिनी झोपल्या होत्या. भाकऱ्या झाल्यावर लगेच झोपल्या. आईला वेळेचे भान राहत नाही.

आणि वहिनींचे माझ्याशी बोलणे नव्हते, हे तुम्हाला माहीत असावे. कारण क्षुल्लक होते. तुम्हाला पत्र लिहायचे तर त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. गणपतीनंतरच्या पत्रात त्यांनी सांगितले, “लिव, हितं समदा बरा हाय, तुमी जीवाला खावा.” मी लिहिले, ‘येथे सर्व क्षेम आहे. प्रकृतीची काळजी घ्यावी.’ वाचून दाखवल्यावर त्यांनी कागद ओढून घेतला. “मी असा बोलले? ह्यो कोन बोलतोय माज्या नवऱ्याशी? मी बोलले तसा लिव. तुजा सुद्द नको मला.” गिरणीवर भात भरडायला आलेल्या बायकांपुढेही त्या म्हणाल्या, नववी नापास नि माझ्या तोंडाला शुद्धलेखन लावतो. बायका हसल्या. सईदभाई तेव्हापासून मला ‘शुद्धलेखन’ म्हणतात. त्यानंतर वहिनींनी माझ्याकडून पत्र लिहून घेतले नाही. म्हणून दसऱ्याला तुम्हाला पत्र नव्हते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगणे मला योग्य वाटते. तुमच्या पेटीत वहिनींची पत्रे असतील. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आपली फार आठवण येते, रात्री झोप लागत नाही’ असे वाक्य आहे. ते त्यांनी सांगितलेले नाही. पत्राच्या शेवटी तसे शोभते म्हणून मी घालत असे. त्या शेवटी बहुधा “झाला, कर बंद” एवढेच म्हणायच्या. ती पत्रे तुम्ही आता काढून वाचत असाल तर त्यांचे कोणते आणि माझे कोणते हे तुम्हाला ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने लिहिले.

महाडला वकिलांकडे जाऊन आलो. ते म्हणतात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मी आत गेलो तर आई, सेजल आणि म्हैस यांचे कोण करणार? तुम्ही येणार का? सेजलला खोलीवर नेऊन वीस पुरुषांत ठेवणार का?

उत्तर पाठवा. पाकिटात कोरे पाकीट घातले आहे, तिकीट लावलेले.

सुनील


रविवार, ता. ३ फेब्रुवारी २००२
सकाळचे दहा

दादा,

तुमची सहाशेची मनीऑर्डर मिळाली. कुपनावर तुम्ही लिहिलेत, ‘सेजलला काय सांगु नको. मी काय करू ते सांग.’ पहिली ओळ वाचून बरे वाटले नाही, दुसरी वाचून वाटले. दोन्ही ओळी मी आईला वाचून दाखवल्या. ती उठून परसात गेली.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला येऊन ‘सोड म्हणालो’ असे सांगायला सांगितले होते. ते आता करू नका. मी पुष्कळ विचार केला. तसे सांगितलेत तर मी सुटणार नाही आणि तुम्ही मात्र अडकाल. वकिलांनी सगळ्या जबाबांच्या झेरॉक्स दिल्या आहेत. मी त्या पाठ होईपर्यंत वाचल्या. सईदभाईंचा जबाब असा आहे:

‘त्या दिवशी सायंकाळी मला कुशाबा याचा मुंबईहून फोन आला. मी स्वतः बांधावर जाऊन सुनील यास तार सोड असे सांगितले.’

ही दोन वाक्ये आहेत. दुसरे वाक्य त्यांचे स्वतःचे आहे, त्यांच्या सहीचे आहे. पहिले वाक्य तुमच्यावर उभे आहे. तुम्ही एवढेच म्हणायचे आहे की मी फोन केला नाही. पहिले वाक्य गेले की दुसरे तसेच राहते, आणि त्यातला कर्ता बघा. सईदभाई. कर्म तार. क्रियापद सोड. सातवीत गुरुजींनी वाक्य फोडायला शिकवले तसे हे आपोआप फुटते. त्यात मला एक अक्षरही बदलावे लागत नाही.

शेत सातबाऱ्यावर त्यांचे आहे. आपण अर्ध्या वाट्याने कसतो. अर्धे भात त्यांच्या घरी जाते, तेव्हा डुकरांनी खाल्ले तर अर्धे नुकसान त्यांचे. मालक सांगतो आणि कसणारा करतो, यात कोणाला नवल वाटणार नाही. वकिलांना मी एवढेच विचारले की मालकाने सांगितले असेल तर? ते म्हणाले, तर गोष्ट वेगळी, तसे आहे का? मी म्हणालो, भावाला विचारून सांगतो.

तुम्ही नाण्याच्या डब्यावरून फोन केला होता. त्याची पावती नसते. बाजूला कोण उभे होते का, ते आठवून कळवा.

तुम्हाला आठवेल, भेकराच्या वेळी सईदभाई आले होते. आपण वाटा पुढे केला तेव्हा म्हणाले, “हलाल नाय, हराम नाय, ह्यो तर खून हाय. काढा ती तार. आज जनावर, उद्या मानूस. जमीन माझी हाय, मला बघवत नाय.” तुम्ही म्हणालात, “चाचा, तुमचा अर्धा वाटा डुक्कर खाईल, चालंल?” ते म्हणाले, “खाऊं दे.” हे तिथे आपण दोघांनीच ऐकले. मी कोणाला सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

ते वाईट मनुष्य आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. परंतु त्यांचा मुलगा मुदस्सर कुवेतला आहे, गिरणी आहे, दुकान आहे, टेम्पो आहे. ते वकील देऊ शकतात. माझ्यापाशी काय आहे?

आता जे लिहितो ते शांतपणे वाचा. तुम्ही फोन केला नसेल, तर तुमचा शब्द त्या तारेत गेलाच नाही. वहिनींना तुमचा शब्द लागलाच नाही. दुसऱ्या कोणी सांगितले, दुसऱ्या कोणी ऐकले. सेजलने विचारले तर मला सांगता येईल की नाही बाळ, पप्पा त्या दिवशी कामावर होते. मी ते तिला अगदी खात्रीने सांगेन. तुमच्या रात्री कशा जात असतील याची मला कल्पना आहे. मला असे वाटते की तुम्ही नीट आठवून पाहिले तर तुम्हालाही खात्री वाटणार नाही की फोन त्याच दिवशी केला होता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात या. सोमवारी पुरवणी जबाब घेतात.

सुनील


शुक्रवार, ता. २२ मार्च २००२
सकाळचे नऊ

दादा,

तुम्ही सोमवारी संध्याकाळच्या एस.टी.ने गेलात. त्यानंतरचे कळवतो. जे तुमच्यासमोर झाले तेही लिहितो, कारण तुम्ही सारखे पुढे चालत होता आणि काही गोष्टी तुमच्या कानावर पडल्या नसतील.

सईदभाई ठाण्याबाहेर येऊन थांबले होते. तुम्ही येणार हे त्यांना मीच सांगितले होते. त्यांना वाटले तुम्ही खरे सांगायला येत आहात. तुम्हाला मिठी मारून ते म्हणाले, “आलास, बरा केलास. पोराचा वझा थोडा कमी हुईल.” पोरगा म्हणजे मी. मग त्यांनी चहा सांगितला. तुम्ही बशीत ओतून प्यालात. तुम्ही ठाण्याच्या दाराकडे पाहत राहिलात, तेव्हा ते म्हणाले, “घाबरू नको, हवालदार मस्करी करतो, पन मानूस बरा हाय.” चहाचे पैसे त्यांनी दिले. ते मी खालच्या हिशेबात धरलेले नाहीत.

तुम्ही आत गेल्यावर ते माझ्याजवळ बाकावर बसले आणि कमरजहाँभाभींच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिले.

मग हवालदारांनी त्यांना आत बोलावले. दार उघडे होते.

“सईदभाई, कुशाबा म्हणतो त्यानं फोनच केला नाही.”

“कोन म्हनतो?”

“हा. समोर बसलाय.”

“कुशाबा?” ते हसले. त्यांना मस्करी वाटली. “अरे, तीनदा इचारलं ना मी तुला?”

तुम्ही टेबलाकडे पाहत होता. तिथून त्यांचा चेहरा तुम्हाला दिसला नसेल. तुम्ही पाहिला नाहीत ते ठीकच झाले.

“मग तार सोड, हे सुनीलला कोणी सांगितलं?”

“मी सांगितला. पन ह्याचा निरोप...”

“सांगितलं तुम्ही. सही तुमची?”

“माझी.”

स्टँडवर तुम्ही मला विचारलेत, “सुन्या, फोन मी केलाच नव्हता ना?” मी म्हणालो, नव्हता केलात. तुम्ही मान हलवलीत आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलेत. मी पुन्हा तेच म्हणालो. त्यानंतर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. गाडी सुटेपर्यंत तुम्ही तो काढला नाहीत. ते मला लिहिलेच पाहिजे असे वाटले.

मंगळवारी त्यांना अटक झाली. कमरजहाँभाभी संध्याकाळी आपल्या दारात आल्या. पायरी चढल्या नाहीत. “ठकूताई,” म्हणाल्या, “तुमी तर घरात व्हता. ह्यांनी हाक मारली ती तुमी आयकली. भावाचा फोन म्हनले, आयकलात ना?” आई ओटीवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग सेजलकडे. म्हणाली, “मला कानानं कमी येतं.” भाभी आल्या तशा परत गेल्या. आईला ऐकायला चांगले येते. रात्री तिने माझे ताट वाढले नाही. मी वाढून घेत होतो तेव्हा म्हणाली, “लिव आता. समदा लिव. तुला लिवता येतं.” तेवढेच.

बुधवारी त्यांना महाडच्या कोर्टात नेले. मलाही बोलावणे होते. वीस तारीख असल्याने चवदार तळ्यावर लोक लोटले होते. निळे झेंडे घेतलेल्या माणसांनी रस्ता भरला होता आणि पोलिसांची जीप तिथे अडकली. मी पायी चाललो होतो. जीपच्या मागच्या बाजूने त्यांनी मला पाहिले आणि हाक मारली. शुद्धलेखन म्हणाले नाहीत. सुनील म्हणाले.

“सुनील, मी काय म्हनलो तुला बांधाव?”

“तार सोड म्हणालात.”

“त्याच्या आदी?”

भोवती माणसे होती. शेजारी शिपाई बसला होता.

“त्याच्या आदी काय म्हनलो रे? मला सोडवू नको. तुझ्या भावाला फसवू नको. निस्ता बोल. आपल्या दोघांतच बोल.”

“मला आठवत नाही, सईदभाई.”

“तुला?” ते म्हणाले. “गिरनीच्या पाटीवं ऱ्हस्व-दीर्घ चुकला तो तुला चार साल आठवतो.”

जीप पुढे सरकली. त्यांनी जाळीवर हात ठेवला होता. हातावर अजून कोंडा होता की कसे, ते मला नीट दिसले नाही.

वकील म्हणतात, आता मुख्य आरोपी ते होतील. मी सांगकाम्या मजूर ठरलो तर पुष्कळ सौम्य जाईल. कदाचित दंडावरही भागेल. वाडीत मला वाटले होते की कोणीतरी विचारेल. कुशाबाने फोन केल्याचे तेराव्याला चार जण बोलत होते, त्यांतला एक तरी विचारेल. मी उत्तर तयार ठेवले होते. दोन दिवस पारावरून मुद्दाम जाऊन आलो. एकानेही विचारले नाही. एक जण म्हणाला, “जमीन त्याची, तर तार बी त्याचीच.” दुसरा म्हणाला, त्यांच्याकडे पैसे आहेत, सुटतील. मग सगळे पाण्याच्या टाकीविषयी बोलू लागले. मला वाटले होते त्यापेक्षा फारच सोपे गेले.

सेजलला मी सांगितले की पप्पांनी फोन केला नव्हता. तिने विचारले, मग कोणी केला? मी म्हणालो, कोणीच नाही. तिला ते पटलेले दिसते. ती वडी मागत होती, म्हणून तिला सांगितले की आता त्या घरी जायचे नाही.

हिशेब पुढीलप्रमाणे.

वकील, रु. ७००. झेरॉक्स व स्टॅम्प, रु. ६४. महाड व पोलादपूर येणे-जाणे, रु. ११२. पाकिटे व तिकिटे, रु. २०. एकूण खर्च रु. ८९६. तुमच्या मनीऑर्डरीचे रु. ६०० वजा जाता तुमच्याकडून येणे रु. २९६.

देणे: पंचनाम्यामुळे त्या शेताची झोडणी लांबली. सईदभाईंचा अर्धा वाटा सहा मण भात पडवीत वेगळा भरून ठेवला आहे. गोणींवर त्यांचे नाव घातले आहे. गिरणीला कुलूप आहे आणि न्यायला कोणी आलेले नाही. उंदीर लागायला लागले आहेत. हे देणे धरायचे की नाही, तेवढे कळवावे.

सुनील